एनक्रिप्टेड मेल आला आहे. तो उघडावा का?

प्रश्न : मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझे मोठे दीर अनेक वर्षे इंग्लंडमध्ये होते. गेल्या वर्षी ते वारले. तेथील एका सॉलिसिटरच्या, म्हणजे वकिलाच्या, कचेरीकडून मला मेल आला असून मृत्युपत्रात माझे नाव असल्याचे त्याच्या विषयात म्हटले आहे. मेलमध्ये मात्र मजकूर नाहीच. 'हा संदेश संरक्षित आहे' असे एक वाक्य, 'संदेश वाचा' असे बटण आणि खाली एक अटॅचमेंट, एवढेच दिसते. त्याच आठवड्यात आयकर खात्याकडून पासवर्ड लावलेला पीडीएफ आला आणि बँकेच्या नावाने एक झिप फाईलही आली. झिपचा पासवर्ड त्याच मेलमध्ये दिलेला आहे. शेजारचा मुलगा मला रावपुऱ्यातील एका झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेला आणि तेथील संगणकावर माझे जीमेल उघडून त्याने सॉलिसिटरचा संदेश वाचून पाहण्याचा प्रयत्न केला. पण तेथे कोड मागितला गेला, म्हणून आम्ही परतलो. पुण्याचा भाचा म्हणतो, 'मावशी, पीजीपी लावून घे, काळजीच नको.' यातले काय उघडावे, कसे उघडावे आणि काय मुळीच उघडू नये?

उत्तर :

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

बाकीचा मजकूर सावकाश वाचता येईल; त्याआधी एक काम आजच उरकून घ्यावे. झेरॉक्सच्या दुकानात आपले जीमेल उघडले होते, पण निघताना ते नीट बंद केले की नाही हे आपल्या पत्रावरून कळत नाही. आपल्या फोनवर गूगल खात्याच्या 'सुरक्षा' या विभागात 'तुमची डिव्हाइस' अशी नोंद सापडते आणि आपले खाते कोठेकोठे उघडे आहे याची यादी तेथे दिसते. आपल्या स्वतःच्या फोनाखेरीज जे काही दिसेल त्यावरून 'साइन आउट' करावे, मग पासवर्ड बदलावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डाखेरीज आणखी एकदा ओळख पटवण्याची सोय) सुरू नसल्यास तेही सुरू करावे. एखाद्या विश्वासू व्यक्तीच्या संगणकावर बसण्याची सोय होईल तेव्हा जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' ही दोन पानेही पाहून घ्यावीत, कारण खात्यात घुसलेली माणसे अनेकदा पुढचे मेल गुपचूप स्वतःकडे वळवण्याची व्यवस्था करून जातात आणि पासवर्ड बदलला तरी ती व्यवस्था तशीच राहते. मी हे सर्वांत आधी सांगतो, कारण एनक्रिप्टेड, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये असा बंद केलेला, संदेश वाचण्याच्या बहुतेक सोयींमध्ये वाचणाऱ्याची ओळख त्याच्या मेलबॉक्सवरूनच पटवली जाते. लिंक तेथेच येते आणि कोडही तेथेच येतो. मेलबॉक्स परक्याच्या हाती असेल, तर कचेरीने कितीही काळजीपूर्वक पाठवलेले पत्र तो परकाही आपल्याइतक्याच सहजपणे वाचू शकेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मेल एनक्रिप्टेड आहे असे दिसले की तो पाठवणाराही भरवशाचा असणार, असे आपल्याला वाटून जाते, आणि नेमक्या याच समजुतीवर फसवणूक करणाऱ्यांचा धंदा चालतो. लाखेची मोहर लावलेले पाकीट न फुटता हाती पडले, तर वाटेत ते कोणी वाचले नाही एवढे कळते. पण लाख बाजारात कोणालाही मिळते, त्यामुळे मोहरेचा ठसा ओळखीचा असल्याशिवाय ते पाकीट कोणी बंद केले हे ठरत नाही. एनक्रिप्शनचेही तसेच आहे. २०२३ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी उघडकीस आणलेल्या एका प्रकारात चोरांनी खऱ्या कंपन्यांची मायक्रोसॉफ्ट खाती ताब्यात घेऊन त्यांवरून खरेखुरे एनक्रिप्टेड संदेश पाठवले होते. बटण खरे होते, ते दाबल्यावर उघडणारे पानही मायक्रोसॉफ्टचेच होते. आत वाचायला मिळालेल्या मजकुरातली लिंक मात्र पासवर्ड चोरणाऱ्या पानाकडे नेत होती. संदेश एनक्रिप्टेड असल्यामुळे मेल तपासणाऱ्या यंत्रणांनाही त्याच्या आत डोकावता आले नाही. म्हणून आपल्या बाबतीत 'हा संदेश कसा उघडावा' हा प्रश्न दुसरा आहे. 'हा संदेश खरोखर कोणाकडून आला आहे' हा पहिला, आणि त्याचे उत्तर त्या मेलच्या बाहेर शोधावे लागेल.

दूरच्या देशात वारलेले नातेवाईक, मृत्युपत्र, वकिलाचा मेल: फसवणुकीच्या मेलमध्ये ही मांडणी फार जुनी आहे. आपले दीर खरोखरच इंग्लंडमध्ये होते आणि खरोखरच वारले, त्यामुळे मेल खरा असण्याची शक्यता निश्चितच वाढते. पण निधनाची बातमी वर्तमानपत्रात किंवा फेसबुकवर वाचून नातेवाइकांना गाठणारे लोकही असतात. इंग्लंड आणि वेल्समधील सॉलिसिटरांवर 'सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी' या संस्थेचे नियंत्रण असते आणि तिच्या संकेतस्थळावरील नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. तीत त्या कचेरीचे नाव शोधावे. तेथे कचेरीचा पत्ता आणि संपर्काचा तपशील मिळतो. फोन करायचा तो तेथील क्रमांकावर, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर करू नये. खऱ्या कचेरीचे नाव वापरून खोटे मेल पाठवणाऱ्यांविषयीच्या सूचनाही ही संस्था वेळोवेळी प्रसिद्ध करते. त्यांवरही नजर टाकावी. नोंदवहीत नाव सापडले एवढ्याने काम संपत नाही, कारण नाव खऱ्या कचेरीचे आणि मेल दुसऱ्याच कोणाचा, असे सर्रास घडते. म्हणून फोन करणे टाळू नये. तेथील कचेऱ्या सकाळी नऊला उघडतात असे धरले, तर आपल्याकडे तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. फोनवर इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटत असेल तर जवळच्या कोणाला तरी शेजारी बसवावे, पण विचारायचे ते आपणच ठरवावे: हा मेल आपल्याच कचेरीने पाठवला का, कोणत्या तारखेला पाठवला, आणि दिरांचा अखेरचा पत्ता कोणता. हा पत्ता त्यांनी सांगावा, आपण आधी सांगू नये.

आणखी एक खूण उपयोगी पडेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायालयाने मृत्युपत्राला प्रोबेट (त्याची अंमलबजावणी करण्याची अधिकृत मान्यता) दिले की ती नोंद सार्वजनिक होते आणि ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर मृताचे नाव व मृत्यूचे वर्ष देऊन ती शोधता येते. नोंद सापडली नाही म्हणून मेल खोटाच ठरत नाही, कारण प्रोबेट अजून मिळायचे असू शकते. सापडली, तर मात्र मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणाकडे सोपवली आहे हे तेथून कळेल आणि आलेल्या मेलमधल्या नावांशी ते ताडून पाहता येईल. वाटा देण्याआधी 'प्रक्रिया शुल्क', 'कर' किंवा 'विमा' म्हणून आपल्याकडेच पैसे मागणारा कोणीही असो, त्याला तेथेच थांबवावे.

ही खात्री पटली, असे समजू. आता उघडण्याची रीत.

आपण केलेल्या वर्णनावरून हा मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून आलेला संदेश असावा असे दिसते. कचेऱ्यांमध्ये ही सेवा पुष्कळ वापरली जाते. जीमेलसारखा दुसऱ्या कंपनीचा पत्ता असलेल्या व्यक्तीला अशा वेळी बटण असलेला मेल मिळतो आणि खरा मजकूर मायक्रोसॉफ्टच्या पानावर वाचावा लागतो. आपल्या स्वतःच्या फोनवर, घरच्या वाय-फायवर किंवा फोनच्याच इंटरनेटवर, आधी पाठवणाऱ्याच्या नावाखालची छोटी खूण दाबून पूर्ण पत्ता पाहावा. तेथे 'मेल्ड बाय' आणि 'साइन्ड बाय' अशा ओळी असतात. त्यांत दिसणारे नाव आणि नोंदवहीतल्या कचेरीच्या संकेतस्थळाचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. मग बटण दाबावे. पान उघडले की सर्वांत वरचा पत्ता पाहावा. फोनच्या पडद्यावर तो अर्धाच दिसतो, म्हणून त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघडावा आणि सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाचावे. मायक्रोसॉफ्टच्या या सेवेचे पान सहसा 'आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम' असे असते. 'ऑफिस३६५' हे शब्द पत्त्यात कोठेतरी आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. 'ऑफिस३६५ डॉट कॉम' नंतर तिरकी रेघ येण्याऐवजी पुन्हा टिंब आणि वेगळेच नाव येत असेल, तर ते पान त्या शेवटच्या नावाच्या मालकाचे असते.

त्या पानावर साधारणपणे दोन वाटा दिसतात: गूगल खात्याने आत जाणे, किंवा एकदाच वापरायचा कोड मागवणे. मी आपल्याला दुसरी वाट सुचवीन, कारण तीत कोठेही पासवर्ड लिहावा लागत नाही आणि त्यामुळे पान खोटे निघाले तरी चोराच्या हाती पासवर्ड लागत नाही. कोड मागवला की तो आपल्याच इनबॉक्समध्ये येतो, कधी कधी स्पॅममध्ये जाऊन पडतो, आणि पंधरा मिनिटांनी निरुपयोगी होतो. दोनदा मागवला असेल तर शेवटी आलेला वापरावा. त्याच पानावर 'हा माझा खासगी संगणक आहे' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यात खूण केली की बारा तास पुन्हा कोड विचारला जात नाही. दुकानातल्या संगणकावर तो चौकोन भरला गेला असता, तर आपल्या मागून येणाऱ्या गिऱ्हाइकालाही तो संदेश वाचता आला असता. 'ओटीपी कोणाला सांगू नये' हे आपल्या बँका सतत बजावतात आणि तो नियम येथेही लागू आहे: आपण स्वतः मागवलेला कोड, आपण स्वतः तपासलेल्या पानावर, आपल्याच हाताने लिहावा. फोनवर कोणी तो विचारला, मग तो स्वतःला सॉलिसिटरचा कारकून म्हणवो की मायक्रोसॉफ्टचा माणूस, तर फोन ठेवून द्यावा.

मेलखाली जी अटॅचमेंट आहे, तिचे नाव एचटीएमएल या अक्षरांनी संपत असेल तर तिला हात लावू नये. या सेवेच्या जुन्या रीतीत अशी फाईल खरोखरच पाठवली जात असे, हे मान्य. पण खोटे 'संरक्षित संदेश' पाठवणाऱ्यांचेही ते आवडते साधन आहे. अशी फाईल उघडली की हुबेहूब लॉगिनचे पान दिसते, आणि ते इंटरनेटवरून न येता आपल्याच फोनमधल्या फाइलीतून उघडलेले असल्यामुळे वरचा पत्ता तपासून काहीच कळत नाही. कचेरीला सांगून बटणाचा संदेश पुन्हा मागवावा. यात त्यांना काडीचाही त्रास नाही.

संदेश उघडल्यानंतर आपल्याला पासपोर्टची प्रत किंवा बँक खात्याचा तपशील मागितला जाण्याची शक्यता आहे, आणि हा टप्पा मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण येथपर्यंत सगळे नीट करणारी माणसेही येथे चुकतात. वाचून झाले की माणूस ते पान मिटतो, जीमेलमध्ये परत येतो, मूळ मेलखालचे 'उत्तर द्या' दाबतो आणि पासपोर्टचा फोटो जोडून पाठवून देतो. तो फोटो साध्या मेलने जातो. प्रवासात त्याला बहुतेक वेळा संरक्षण असते, परंतु तो आपल्या 'सेंट'मध्ये आणि पलीकडच्या इनबॉक्समध्ये जसाच्या तसा पडून राहतो, आणि दोन्हींपैकी कोणत्याही मेलबॉक्समध्ये घुसलेल्या माणसाला तो मिळतो. म्हणून उत्तर द्यायचे ते त्या संरक्षित पानावर असलेल्या 'रिप्लाय'मधूनच द्यावे. प्रतही तेथेच जोडता येते आणि ती एनक्रिप्ट होऊनच जाते. प्रतीवर आडवे लिहावे: 'केवळ अमुक यांच्या मृत्युपत्राच्या कामासाठी', खाली तारीख आणि सही. आधार कार्ड त्यांनी स्पष्टपणे मागितल्याशिवाय देऊ नये. पासपोर्टने काम भागत असेल तर पासपोर्टच द्यावा.

आपल्या खात्याचा तपशील पाठवल्यावर तो त्यांनी फोनवर आपल्याला वाचून दाखवावा, अशी विनंती करावी. उलट दिशेनेही हीच सावधगिरी हवी. 'आमचे बँक खाते बदलले आहे, या नव्या खात्यात भरणा करा' असा मेल सॉलिसिटरच्या नावाने येणे हा इंग्लंडमधील माहितीचा आणि फार महागात पडणारा गुन्हा आहे. संदेश एनक्रिप्टेड आहे म्हणून त्यातला खाते क्रमांक खरा मानू नये.

उतरवून घेतलेली कागदपत्रे फोनच्या 'डाउनलोड्स'मध्ये साध्या स्वरूपात पडून असतात, हेही ध्यानात असू द्यावे. एनक्रिप्शनचे काम तेथे संपलेले असते. पुढे फोनच्या लॉकचा काय तो आधार. जे जपून ठेवायचे आहे ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावे, कारण असे संदेश काही काळाने बंद होऊ शकतात किंवा पाठवणारा ते मागे घेऊ शकतो, आणि मग बटण दाबून काहीही दिसत नाही. छापील प्रत हवी असेल तर दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर फाईल पाठवणे ही आपल्याकडची रोजची रीत आहे आणि दुकानदार बिचारा प्रामाणिकही असतो. पण फाईल त्याच्या संगणकात उतरलेली राहते आणि आपण नंतर व्हॉट्सॲपवरून संदेश पुसला तरी ती उतरलेली प्रत पुसली जात नाही. मृत्युपत्राचे आणि पासपोर्टचे कागद तरी ओळखीच्या घरातील प्रिंटरवर छापून घ्यावेत. तशी सोय नसेल तर फक्त तेवढे कागद पेन ड्राइव्हवर नेऊन थेट तेथूनच छापायला सांगावे, आणि त्या संगणकावर आपले जीमेल पुन्हा उघडू नये.

आयकर खात्याच्या पीडीएफची गोष्ट सोपी आहे. विवरणपत्र तपासल्यानंतर कलम १४३(१) खाली जी सूचना येते, तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी लहान अक्षरांत पॅन क्रमांक आणि त्याला लागून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशा आठ आकड्यांत. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. खरा पाठवणारा पासवर्ड कसा तयार होतो हे सांगतो, पासवर्ड लिहून देत नाही. मात्र ज्याला आपला पॅन आणि जन्मतारीख ठाऊक आहे त्या कोणालाही हे पीडीएफ उघडता येतात, आणि या दोन गोष्टी आपण आजवर किती अर्जांवर लिहून दिल्या असतील याचा विचार केला की हे संरक्षण किती पातळ आहे ते कळते. म्हणून पासवर्ड लावलेला पीडीएफ आहे, आता तो कोठेही पाठवायला हरकत नाही, असे मानू नये. तो उघडताना पासवर्ड फोनमधल्या पीडीएफच्या ॲपने विचारला पाहिजे. फाईल उघडताच धूसर केलेला कागद आणि त्यावर 'पाहण्यासाठी ईमेल व पासवर्ड द्या' असे दिसले, तर ते खाते चोरण्याचे जाळे असते. पासवर्ड काढून देणाऱ्या फुकट संकेतस्थळांवरही ही फाईल चढवू नये, कारण तेथे आपण फाईल आणि पासवर्ड दोन्ही एकाच अनोळखी ठिकाणी नेऊन देतो. खात्री करण्याचा पक्का मार्ग म्हणजे मेल बाजूला ठेवून आयकर खात्याच्या पोर्टलवर स्वतः जाणे. खऱ्या मेलचा पत्ता 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. तीच सूचना पोर्टलवरून उतरवून घेता येते, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर जो दस्तऐवज क्रमांक असतो तो तेथे घालून पत्र खरे की खोटे हे पडताळता येते.

बँकेच्या नावाने आलेली झिप फाईल मात्र उघडू नये. तिला पासवर्ड लावण्यामागे आपली गोपनीयता जपण्याचा हेतू नाही. जीमेल आणि अँटीव्हायरस प्रत्येक अटॅचमेंट तपासून पाहतात. पासवर्ड लावला की त्यांना आत पाहता येत नाही, आणि तोच पासवर्ड मेलमध्ये लिहून दिला की वाचणारी व्यक्ती स्वतःच्या हाताने दार उघडते. इमोटेट नावाच्या घातक प्रोग्रॅमने २०२० मध्ये जगभर हीच युक्ती वापरली. खऱ्या गोपनीयतेसाठी पासवर्ड वेगळ्या मार्गाने यायला हवा. एकाच मेलमध्ये फाईल आणि तिचा पासवर्ड दोन्ही असतील, तर निदान संशय तरी घ्यावाच. काही शंका राहिली तर डेबिट कार्डाच्या मागच्या क्रमांकावर फोन करावा किंवा सरळ शाखेत जाऊन विचारावे. संकेतस्थळच पाहायचे असेल, तर रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यांवर जाण्यास सांगितले होते हे लक्षात ठेवावे आणि तसा पत्ता स्वतः लिहून उघडावा. अशी फाईल घरातल्या कोणी आधीच उघडली असेल, किंवा तिच्यातून फोनवर एखादे ॲप बसवले गेले असेल, तर फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. गेलेली रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची आशा पहिल्या काही तासांतच जास्त असते.

राहिला भाच्याचा पीजीपीचा आग्रह. पीजीपी म्हणजे मेल स्वतःच एनक्रिप्ट करण्याचे साधन. त्याचा हेतू चांगला आहे आणि साधनही उत्तम आहे. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ते लोकांसमोर आणले, त्यावरूनच पुढे ओपनपीजीपी हे खुले मानक तयार झाले, आणि थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ते मुळातच बसवलेले आहे. यात प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते: एक जगाला द्यायची, एक स्वतःजवळ ठेवायची. सार्वजनिक किल्लीने बंद केलेला संदेश खासगी किल्लीनेच उघडतो, आणि खासगी किल्लीने केलेली डिजिटल सही तपासून पाठवणारा कोण हेही कळू शकते. वर मी ज्या पहिल्या प्रश्नावर एवढा भर दिला, त्याचे उत्तर ही सही देते, पण एका अटीवर: समोरच्याची किल्ली खरोखर त्याचीच आहे हे आपण पडताळलेले असावे. त्यासाठी किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख सांगणारा क्रमांक, बहुधा चाळीस अक्षर-अंकांचा, व्हिडिओ कॉलवर एकमेकांना वाचून दाखवावा लागतो. भाच्याबरोबर हे आनंदाने करता येईल. सॉलिसिटरच्या कचेरीकडे पीजीपी नसेल, तर मात्र आपण एकट्याने ते लावून त्यांचा संदेश उघडणार नाही, कारण ही रीत दोन्ही बाजूंनी स्वीकारावी लागते. शिवाय खासगी किल्ली हरवली तर तिच्यासाठी आलेले सगळे जुने मेल कायमचे बंद होतात आणि कोणतीही कंपनी ते परत मिळवून देऊ शकत नाही. तेव्हा भाचा दिवाळीत बडोद्याला येईल, शेजारी बसून सगळे लावून देईल आणि किल्लीची प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवून देईल, तेव्हाच याला हात घालावा. फोनवर सूचना ऐकत करण्याचे हे काम नाही.

पीजीपीच्या इतिहासातील एक धडा मात्र आजच घेण्यासारखा आहे. २०१८ मध्ये जर्मनी आणि बेल्जियममधील संशोधकांनी 'ईफेल' नावाचा दोष दाखवून दिला. ज्याच्या हाती एखादा जुना एनक्रिप्टेड मेल लागला आहे, तो त्याच्याभोवती स्वतःचा कोड गुंडाळून तो पुन्हा मूळ मालकाला पाठवू शकत होता. मालकाच्या प्रोग्रॅमने तो उघडला की उलगडलेला मजकूर एका बाहेरच्या चित्राच्या पत्त्याला चिकटून चोराच्या सर्व्हरकडे जात असे. वाचणाऱ्याला फक्त न दिसणारे एक चित्र 'लोड' झालेले असे. प्रोग्रॅममध्ये त्यानंतर दुरुस्त्या झाल्या, पण मेलमधली बाहेरची चित्रे आपोआप उघडू न देण्याची सवय साध्या मेललाही लागू पडते, कारण आपण मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला त्याच चित्रांमुळे कळते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'बाहेरील चित्रे दाखवण्यापूर्वी विचारा' असा पर्याय आहे. तो निवडून ठेवावा.

फोनवर कचेरीची खात्री पटल्यानंतर त्यांना लेखी कळवण्यासाठी एक मसुदा देतो. तो इंग्रजीत करून पाठवावा.

'महोदय, आपल्या कचेरीशी आज दूरध्वनीवर बोलणे झाले. आपला संरक्षित संदेश मला मिळाला आहे. यापुढील संदेश कृपया अटॅचमेंट न जोडता लिंकद्वारे पाठवावेत आणि पाठवण्याच्या दिवशी मला फोनवर तशी कल्पना द्यावी. माझी ओळखपत्रे मी केवळ आपल्या संरक्षित पानावरून पाठवीन. माझ्या किंवा आपल्या बँक खात्यात काही बदल असल्यास तो मेलवरून, मग तो एनक्रिप्टेड असला तरी, मान्य धरू नये. दोन्ही बाजूंनी फोनवर खात्री झाल्यावरच तो अमलात यावा.'

हा मजकूर आलेल्या मेलला 'रिप्लाय' करून पाठवू नये. नवा मेल उघडावा, नोंदवहीत सापडलेला किंवा फोनवर त्यांनी वाचून दाखवलेला पत्ता स्वतः लिहावा, आणि पाठवण्यापूर्वी तो एकदा अक्षर लावून वाचावा.